होडीची ट्रॉली: तयार घ्यावी की गावात बांधावी?

फायबरची चौदा-सोळा फुटी होडी आणि मागे इंजिन एवढं ओढायचं असेल, तर खानदेशात दोनच वाटा आहेत. एक म्हणजे बाहेरून तयार ट्रॉली मागवायची: गॅल्व्हनाइज्ड सांगाडा, रबराचा टॉर्शन एक्सल (पाट्यांऐवजी रबराच्या पिळावर दणके झेलणारा) आणि मोटारीच्या पुढच्या चाकाला असतं तसं सीलबंद बेअरिंग. दुसरी म्हणजे सावदा-फैजपूरकडे केळीच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमधून चॅनेल, कमानपाटे आणि टेपर बेअरिंगचा (निमुळत्या रोलरांचं, सुटं होणारं बेअरिंग) हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग बसतं तो मधला गाभा, घालून बांधून घ्यायची. तयार ट्रॉली दिसायला देखणी असते, हे कबूल. तरीही हतनूर, गिरणा किंवा वाघूर धरणाच्या काठावर वापरायची असेल, तर माझा कल दुसरीकडे आहे. त्याचं कारण सांगाड्यात नाही, हबमध्ये आहे.

सांगाड्याचं आधी उरकून घेऊ. गॅल्व्हनाइझिंगचं कौतुक कोकणातून आलेलं आहे. तिथे खारं पाणी लोखंड खातं, जस्ताचा थर नसेल तर तिथल्या हवेतच ट्रॉली संपते. आपलं पाणी गोडं. नीट घासून, प्रायमर मारून, वर इपॉक्सी रंगाचे दोन हात दिलेला सांगाडा इथे भरपूर टिकतो. फक्त चौकोनी पाइप वापरू देऊ नका. पाइपात शिरलेलं पाणी बाहेर येत नाही आणि तो आतून सडतो, वरून रंग मात्र शाबूत. उघडा सी-चॅनेल बरा. पाइपच लावायचा झाला तर खालच्या बाजूला प्रत्येक टोकाशी भोक हवं.

पाट्यांच्या बाबतीत मात्र गावातले कारागीर हमखास चुकतात. त्यांचा हात बसलेला असतो पाच टनांच्या ट्रॉलीवर. तेवढेच पाटे ते होडीलाही घालतात. चार-पाचशे किलोच्या होडीखाली ते पाटे दबतच नाहीत, प्रत्येक खड्ड्यात होडी उडते आणि फायबरला तडा जातो तो कण्याजवळ (तळाच्या मधल्या धारेशी), ट्रॉलीचा रोलर टेकतो तिथे. पाट्यातली पाने कमी करायला सांगा. रिकाम्या ट्रॉलीवर दोन माणसं उभी राहिली की पाटा दिसेल इतका खाली गेला पाहिजे. टॉर्शन एक्सल या बाबतीत उजवा आहे, वाद नाही. आणि भंगारातला जुना एक्सल कुणी स्वस्तात देत असेल तर हबच्या मुळाशी शाफ्टवर बोट फिरवून बघा. सीलचा (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणाऱ्या रबरी कडीचा) ओठ जिथे फिरतो तिथे नखाला खाच लागली, तर कितीही नवं सील घाला, ते गळणारच.

आता हब. भुसावळहून हतनूरपर्यंत वैशाखाच्या उन्हात, पंचेचाळीस अंशांत ट्रॉली ओढत नेली की हब तापतो आणि त्यातली हवा फुगते. तसाच तो पाण्यात उतरवला की हवा एकदम आकसते, आत पोकळी होते आणि सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढलं जातं. नुसतं पाणी असतं तरी निभलं असतं. तापीचं पाणी गाळाचं. तो बारीक गाळ ग्रीसमध्ये मिसळला की बेअरिंगमध्ये पॉलिशची पेस्ट भरल्यासारखं होतं. काठावर गाळपेर जमिनीचा काळा चिखल असतो तिथे चाक रुततंही आणि हब चिखलातच बुडतो.

हे दोन्ही ट्रॉल्यांना होतं. फरक पुढे पडतो.

सीलबंद बेअरिंग नवं असताना पाण्याला जास्त दाद देत नाही, हे मान्य करायला हवं. सील घट्ट असतात, ग्रीस कारखान्यातूनच मोजून भरलेलं असतं, नट ठरलेल्या टॉर्कने आवळला की काम संपलं. पण ते उघडून बघता येत नाही. आत पाणी गेलं की नाही हे कळायचा एकच मार्ग, घरघर. आणि घरघर ऐकू येते तेव्हा गोळ्यांच्या धावपट्टीला चट्टे पडून गेलेले असतात. मग ते हबमधून काढायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. नवं बसवताना जोर बाहेरच्या रिंगवर द्यायचा असतो, आतल्या रिंगवर दिला तर नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. काठावर हे होणे नाही. माप वेगळं असेल तर बेअरिंग मागवून घ्यायचं आणि तोवर होडी काठावर उलटी करून ठेवायची. बाकी सगळं सोसता येतं, पण आत काय चाललंय ते बघता न येणं आणि चाक थांबेपर्यंत वाट बघणं, एवढं एक मला जड जातं.

टेपर हबचं उलटं आहे. सीलच्या बाबतीत तो थोडा कमजोर, पण पान्याने आणि पकडीने पंधरा मिनिटांत उघडतो. टनाच्या आतल्या वजनाला हबच्या आतल्या बाजूला ३०२०६ आणि बाहेरच्या बाजूला ३०२०५ नंबरचं बेअरिंग अशी जोडी पुरते. आतल्याचा व्यास बाहेरून ६२ मिलिमीटर, त्याला ४०-६२-१० चं दुहेरी ओठाचं सील बसतं. शाफ्टची ती जागा ४० मिलिमीटरला टर्न करून घ्या म्हणजे हे रोजच्या मापाचं सील चालेल. केळीच्या ट्रॉल्या जिथे, तिथे बेअरिंगचं दुकान असतंच. बाहेरून आलेल्या काही ट्रॉल्यांना इंची मापाचे टेपर असतात, एल४४६४९ किंवा एलएम६७०४८ असे. बेअरिंग तीही उत्तमच, पण ती नड काढणारं दुकान आधी शोधून ठेवा.

उघडल्यावर ग्रीसकडे बघा. दह्यासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलं आहे. रोलर निळसर झाले असतील तर नट जास्त आवळला होता किंवा ग्रीस संपलं होतं. रेसवर (रोलर जिच्यावर फिरतात त्या बाहेरच्या कडीवर) रोलरच्याच अंतराने बारीक काळ्या रेघा असतील तर ट्रॉली ओली होऊन तशीच महिनोन् महिने उभी राहिली होती. रेघ नखाला लागली तर रोलर आणि रेस जोडीनेच बदला, एकटं कोन (आतली कडी आणि तिच्यावरचे रोलर) बदलून काही होत नाही. जुनी रेस हबच्या खाचेतून मऊ लोखंडाच्या छिन्नीने, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी ठोकत काढा. नवी बसवताना जुनीच रेस तिच्यावर पालथी ठेवून ठोका. पूर्ण बसली की हातोडीचा आवाज बोदा असतो तो एकदम खणखणीत होतो.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा नंबर). चेसिसला मारायचं पिवळं कॅल्शियम ग्रीस हबमध्ये भरू नका, ते शंभर अंशांच्या आसपासच वितळून गळतं. जुन्यावर नवं थापू नका, रॉकेलने धुवून पूर्ण कोरडं करा. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगचं रुंद तोंड त्यावर दाबत जा, वरच्या बाजूने रोलरांमधून ग्रीसचे किडे बाहेर आले पाहिजेत. हबची पोकळी मात्र तिसरा हिस्साच भरा. ठासून भरली तर ग्रीस तापून फुगतं आणि मागचं सील बाहेर ढकलतं.

मग नट. चाक फिरवत फिरवत नट आवळा, चाक जड झालं की थांबा. एवढ्यावर रोलर जागेवर बसतात. आता नट पूर्ण ढिला करा, पुन्हा नुसत्या बोटांनी टेकवा आणि पिनेचं भोक जुळत नसेल तर ढिल्या बाजूची खाच घ्या, आवळायच्या बाजूची नाही. चाकाला वरून-खालून धरून हलवलं तर जेमतेम जाणवेल एवढाच खेळ हवा, मोजलाच तर ०.०३ ते ०.१२ मिलिमीटर. ट्रॅक्टरवाल्यांना घट्ट नट आवडतो, तिथे अडून बसा. स्प्लिट पिन दरवेळी नवी.

हबच्या तोंडावर बसवायच्या स्प्रिंगच्या टोप्या मिळतात, त्या हबमध्ये ग्रीसचा थोडा दाब ठेवतात म्हणजे पोकळी होऊन पाणी ओढलं जात नाही. उपयोगी आहेत, पण लोक ग्रीसगन बाहेर येईपर्यंत दाबतात. टोपीतली चकती तीन मिलिमीटर हलली की बस. पुढे दाबलं तर मागचं सील उलटतं आणि टोपी भरलेली दिसते म्हणून कळतही नाही. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर ग्रीसचे फराटे दिसले की समजा.

खरा उपाय टोपीपेक्षा साधा आहे, हब पाण्यात घालूच नये. दांडी लांब ठेवा, मागे कण्याचे रोलर आणि पुढे विंच लावा, होडी रोलरवरून पाण्यात सोडता आली पाहिजे. गावात बांधून घेण्याचा हाही एक फायदा, दांडी तुमच्या काठाच्या उताराप्रमाणे ठेवता येते. तयार ट्रॉलीची दांडी सिमेंटच्या उताराला धरून केलेली असते आणि तसा उतार आपल्या धरणांवर शोधावा लागतो. तरी बुडवायचाच असेल तर काठावर पोचल्यावर अर्धा तास थांबा. दिवे काढा, दोर बांधा, इंजिन खाली घ्या. हब हाताला गार लागला की मगच उतरवा.

तयार ट्रॉली कुणी घ्यावी? ज्याला जळगावहून उकाई धरणाच्या फुगवट्यापर्यंत किंवा त्याही पुढे हायवेने वारंवार जायचं आहे, आणि ज्याच्याकडे हब उघडायला वेळ नाही, त्याने खुशाल घ्यावी. तिचे कागदही बहुधा सरळ असतात. ट्रॉलीला वेगळा नंबर लागतो, त्यामुळे गावात बांधून घेताना पासिंगचं आधी बोलून घ्या, वेल्डिंग नंतर. त्यातही सीलबंद हब नको, टेपर हबचा एक्सल द्या, असं मागवताना सांगता आलं तर अवश्य सांगा.

बांधून घेतलीत, तर त्याच दिवशी तिसराही हब करून घ्या. त्यात बेअरिंग बसवून, ग्रीस भरून, सील ठोकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि दांडीला डबा जोडून त्यात ठेवा. सोबत चार स्प्लिट पिना, एक टोपी, पकड आणि चिंध्या. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळायचे, तो पानाही त्याच डब्यात.