फ्लोरेन्सचं बार्जेलो म्युझियम: वरच्या मजल्यावरचे चेहरे सोडू नका

फ्लोरेन्सला जाणारे बहुतेक जण उफिझी ही चित्रांची गॅलरी आणि मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा करतात आणि पुढच्या गावाला निघतात. बार्जेलोला गेलेच तर दोनातेल्लोचा ब्रॉन्झचा डेव्हिड बघून, दोन फोटो काढून बाहेर. असं करू नका हो, प्लीज. वरच्या मजल्यावर संगमरवराचे जे अर्धपुतळे आहेत ना, पंधराव्या शतकातल्या खऱ्याखुऱ्या माणसांचे, माझ्या मते अख्ख्या फ्लोरेन्समध्ये त्या काळाच्या माणसांना इतक्या जवळून भेटायची दुसरी जागा नाही.

बिल्डिंग तेराव्या शतकातली, पुढे बरीच वर्षं इथे तुरुंग होता, 1865 पासून म्युझियम. अंगण आणि जिना सुंदर आहेत पण तिथे फार वेळ घालवू नका, वर चला.

सुरुवात पिएरो दे मेदिचीपासून करा, फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्यातला हा. शिल्पकार मिनो दा फिएझोलेने 1453 मध्ये केलेला, आणि तारीख नक्की माहीत असलेला रेनेसाँसमधला (युरोपातल्या प्रबोधनकाळातला) हा सगळ्यात जुना संगमरवरी अर्धपुतळा मानतात. रोमन लोक छातीखाली गोलाकार कापून खाली बैठक द्यायचे, इथे मात्र खांद्यांच्या जरा खाली सरळ आडवा काप आहे, त्यामुळे माणूस खिडकीच्या कट्ट्याआड उभा राहून बाहेर बघतोय असंच वाटतं. मला स्वतःला पिएरो थोडा ताठ वाटतो, पण इथून पुढे पंचवीसेक वर्षांत हे शिल्पकार कुठल्या कुठे पोचले ते बघायचं तर आधी हाच बघायला हवा.

माझा सगळ्यात आवडता म्हणजे पिएत्रो मेल्लिनी, बेनेदेत्तो दा मायानोचा, 1474 चा. म्हातारा श्रीमंत व्यापारी, सांता क्रोचे चर्चमधलं कोरीव व्यासपीठ यानेच बेनेदेत्तोकडून करून घेतलं. समोरून बघून पुढे जाऊ नका, बाजूला जाऊन उभे राहा. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांचं जाळं, गळ्याची सैल पडलेली कातडी, आणि त्याच्याच खाली अंगरख्यावरची भारी वेलबुट्टी, सगळं एकाच दगडात. पैसे मोजणारा माणूस स्वतः हा, सांगितलं असतं तर दहा वर्षांनी तरुण करून मिळाला असता, पण नाही, आहे तसाच दाखवलाय आणि म्हणूनच तो इतका रुबाबदार दिसतो.

मात्तेओ पाल्मिएरी या लेखक-राजकारण्याचा अर्धपुतळा (शिल्पकार अंतोनियो रोसेल्लिनो, 1468) त्याच्या घराच्या दारावर बाहेरच बसवलेला होता, शतकानुशतकं ऊनपाऊस खाऊन दगड पार झिजलाय. तरी तो कुरूप, मिश्कील, हुशार माणूस अजून कळतो! नाकडोळ्यांची धार गेली तरी माणूस शिल्लक राहतो म्हणजे शिल्पकाराची मूळ पकड किती पक्की असेल विचार करा.

आणि वेरोक्योची फुलं धरलेली बाई, साधारण 1475 ची. ही कोण ते आजही नक्की ठरलेलं नाही. इथे हातसुद्धा दाखवलेत, आधीच्या अर्धपुतळ्यांत हात नसायचे, आणि लांब बोटांनी तिने फुलं छातीशी धरलीत. अंगावरचं कापड इतकं तलम की संगमरवर आहे हे डोक्याला पटत नाही. लिओनार्दो दा विंची याच वेरोक्योच्या हाताखाली शिकला, ते हात बघताना हे लक्षात ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी पाच. सकाळी उघडल्या उघडल्या जा, निदान दोन तास ठेवा, आणि वेळा व कुठल्या खोल्या उघड्या आहेत ते आधी वेबसाइटवर बघून घ्या कारण ते बदलत असतं. लहान मुलं कंटाळतील कदाचित, पण त्यांना म्हाताऱ्यांचे चेहरे शोधायला लावा, रमतात.

लंडनला राहणाऱ्यांनी तर इटलीची वाट बघायचीही गरज नाही, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये रोसेल्लिनोनेच 1456 मध्ये केलेला डॉक्टर जोव्हान्नी केल्लिनीचा अर्धपुतळा आहे, दोनातेल्लोवर उपचार करणारा तोच डॉक्टर, आणि नेहमीच्या गॅलऱ्यांना तिकीटही लागत नाही.