बायोबँकेच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी

दोडामार्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडू लागले आणि सिंधुदुर्गात कितीतरी जणांनी तपासणीसाठी रक्त दिलं. उरलेल्या रक्ताचं पुढे काय होतं, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मोठ्या हॉस्पिटलात आता एक कागदही पुढे येतो: उरलेला नमुना भविष्यातल्या संशोधनासाठी जपून ठेवायला माझी संमती आहे. त्यावर सही करावी का?

असे नमुने साठवून ठेवणाऱ्या बायोबँकेसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि २०१९ च्या क्लिनिकल ट्रायल नियमांनी ती आरोग्य-संशोधनाला लागू केली. ती वाचली तर बरं वाटतं: नमुन्याचा मालक देणारा माणूस, बायोबँक नुसती विश्वस्त. अमेरिकेत उलट. तिथे १९९० मध्ये जॉन मूर या रुग्णाच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काढून घेतलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी राहत नाही. या एका बाबतीत आपला नियम मला सरस वाटतो.

माघार घेण्याची सोय ब्रिटनमध्ये सगळ्यात स्वच्छ आहे. यूके बायोबँकेने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाचे ५ लाख लोक घेतले आणि त्यांना तीन पायऱ्या दिल्या: फक्त संपर्क थांबवा, नवी माहिती घेणं थांबवा, किंवा पुढचा वापरच बंद करा. आपल्याकडेही नमुना मागे घेता येतो, पण नाव पूर्ण पुसून टाकल्यावर तो शोधणार कसा?

आपल्या जनुकांत काय दिसलं हे कळावं असं वाटत असेल, तर एस्टोनियाचा २००० चा कायदा बघा. देणाऱ्याला आपली जनुकीय माहिती जाणून घेण्याचा हक्क आहे, न जाणण्याचाही आहे, आणि त्यावरून भेदभाव करायला मनाई आहे. जनुकीय भेदभावाविरुद्धचा अमेरिकेचा २००८ चा जीना कायदा नोकरी आणि आरोग्यविमा यांत संरक्षण देतो, आयुर्विम्यात नाही. आपल्याकडे असा वेगळा कायदाच नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संशोधनाला अटींसह सवलत आहे, त्यामुळे सगळा भरवसा त्यावर ठेवू नका.

मला खरी काळजी वाटते ती ही, की नुसतं नाव पुसणं पुरत नाही. ग्रँड कॅनियनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० पासून अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्त दिलं. मधुमेहाचा अभ्यास आहे, अशी त्यांची समजूत होती. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं, पूर्वज कुठून आले यावर काम झालं. २०१० मध्ये युनिव्हर्सिटीने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेलं रक्त परत केलं. इथे नाव उघड झालं की नाही हा प्रश्नच नव्हता. दुखावली ती अख्खी जमात. आपल्याकडे वाडीत बहुतेक घरं एकाच आडनावाची. तालुका, वय आणि एखादा दुर्मिळ आजार एवढं कागदावर असलं, की घर कुठलं हे गावातल्या कोणालाही ओळखता येतं. आणि रक्तातली माहिती फक्त तुमची नसते, मुंबईतल्या चाकरमानी भावाचीही असते.

तरीही मी सही करायच्या बाजूने आहे. आपल्याकडच्या आजारांवर आपल्याच नमुन्यांवरून काम व्हायला हवं. पण नमुना कोणत्या कामासाठी आहे ते लिहिलेलं असावं, परदेशी किंवा कंपनीला देताना पुन्हा विचारणार का ते स्पष्ट असावं. ‘कोणत्याही संशोधनासाठी’ एवढंच लिहिलं असेल, तर मधुमेहापुरतं किंवा तापापुरतं मर्यादित करून घ्या. कोणत्या वापराला हो आणि कोणत्या नाही, अशी वेगवेगळी संमती देण्याची सोय आयसीएमआरच्या तत्त्वांत आहे. सही न केल्याने उपचार अडता कामा नयेत, हाही नियमच आहे. कागदाची एक प्रत मागून घ्या, आणि तिच्यावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधन नीट चाललंय ना हे बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर आहे ना, ते तिथेच बघा.