मध्ययुगीन झगा की रेनेसाँचा थाट?

मध्ययुगीन युरोपातला पेहराव म्हणजे नुसतं गोणपाट, असं चित्रपट बघून वाटतं. ग्रीनलंडमध्ये जाऊन वसलेल्या नॉर्स युरोपीय लोकांच्या हेरयोल्फ्सनेस इथल्या दफनभूमीत १९२१ साली सापडलेले लोकरीचे झगे वेगळंच सांगतात. डोक्यातून घालायचा साधा प्रकार, पण त्रिकोणी कळ्या जोडून घेर असा दिलाय की खांद्याशी कपडा अंगाबरोबर बसतो आणि खाली मोकळा सुटतो. शिवणाऱ्याला दाद द्यावी अशी बेतणी!

रेनेसाँमध्ये, म्हणजे मध्ययुगानंतरच्या प्रबोधनकाळात, कापड अंगावर नुसतं पडत नाही, अंगालाच आकार देतं. ब्रॉन्झिनोनं १५४५ च्या सुमारास रंगवलेलं फ्लॉरेन्सच्या ड्यूकची पत्नी एलेओनोरा दि तोलेदो हिचं चित्र बघा. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात आहे. ताठ चोळी, छातीवर कापडात विणलेलं मोठं डाळिंब, गळ्यात मोती आणि बाह्यांच्या चिरांतून मुद्दाम फुगवून बाहेर काढलेलं आतलं पांढरं वस्त्र. त्या काळी बाह्याही बऱ्याचदा वेगळ्या असत, बंदांनी बांधायच्या. म्हणजे झगा तोच, बाह्या बदलत्या.

पुरुष काही मागे नव्हते. लांड्सक्नेख्ट हे जर्मन भाडोत्री सैनिक तर चांगल्या कापडाला हौसेनं चिरा पाडून मिरवत.

थाटात रेनेसाँच सरस, वादच नाही. दिवसभर वावरायला मात्र मी ग्रीनलंडचा झगाच उचलेन.