चार फुकट आणि एक विकतचं: डीटीपीच्या मशीनवरची सॉफ्टवेअर

लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, दोन-तीन फ्लेक्सवाल्यांची डिझाइनं आणि वर्षातून एखादा दिवाळी अंक. आमच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर मांडून छपाईला तयार करायच्या, दुकानातलं मशीन एवढ्या सगळ्याला पुरतं, पण ते आता तरुण राहिलेलं नाही आणि त्यावरच्या फायली त्याहून जुन्या. नवं मशीन घेण्याआधी काही फुकट सॉफ्टवेअर लावून बघितली. गणपतीच्या गडबडीत आणि नंतरच्या लग्नसराईत ती रोज वापरली, म्हणून आता ठामपणे लिहितो.

पहिला मान ‘एव्हरीथिंग’चा. व्हॉइडटूल्सचं हे सॉफ्टवेअर एकच काम करतं, नावावरून फाइल शोधतं. तुम्ही टाइप करत असता आणि खाली यादी आपोआप बारीक होत जाते. हा वेग येतो कुठून? एनटीएफएस (विंडोजची फायली मांडून ठेवायची नेहमीची पद्धत) असलेल्या डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते. एव्हरीथिंग फोल्डरामागून फोल्डर उघडत न बसता तो तक्ताच थेट वाचतं आणि पुढचे बदल डिस्कच्या स्वतःच्या नोंदवहीतून उचलतं. दहा लाख फायलींना साधारण ७५ एमबी रॅम लागते, असं बनवणारेच सांगतात. आमच्या मशीनला त्याचं ओझं कधी जाणवलं नाही.

गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि म्हणतं, "मागच्या वर्षी थोरल्याची पत्रिका केली होती, तशीच धाकट्याची करा." पूर्वी अशा वेळी त्यांना चहा सांगावा लागायचा. आता आडनाव टाइप केलं, मध्ये जागा सोडून ‘पत्रिका’ लिहिलं की दोन्ही शब्द असलेल्या फायली समोर येतात. तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं की ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल खरी’ यांतली शेवटची कुठली तेही कळतं.

मराठीत नावं देणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. कऱ्हाडकरांची फाइल डोळ्यांसमोर असूनही शोधात येत नाही, असं होऊ शकतं. त्यातला ‘ऱ्ह’ निदान दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरतात, काही साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळे. दुकानात दोघेजण दोन कीबोर्डांवर टाइप करत असतील तर हे होणारच. उपाय साधा आहे, नुसतं ‘हाडकर’ शोधायचं. वर्षाचंही तसंच. नावात देवनागरी आकडे असतील तर इंग्रजी आकड्यांनी ती फाइल सापडत नाही. दोन्ही लिहून मध्ये उभी रेघ (|) टाकली की ‘हे किंवा ते’ असा शोध होतो.

त्याच्या मर्यादाही सांगतो. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ नाहीतर एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतींचे असतात. तिथे तो मुख्य तक्ता नसतो, त्यामुळे फोल्डर वेगळं जोडून द्यावं लागतं आणि मग सगळं सावकाश होतं. फाइलच्या आतला मजकूर शोधायची सोय आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर आतून युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) मराठी नसतोच, तो कुठल्याच शोधात मराठी म्हणून सापडणार नाही. शिवाय एकाच मशीनवर घरातल्या चौघांची खाती असतील तर सर्व्हिस (मागे सतत चालणारा भाग) लावून चालवलेलं एव्हरीथिंग चौघांच्याही फायलींची नावं सगळ्यांना दाखवतं. फाइल उघडेल असं नाही, पण नाव दिसतं. कधीकधी तेवढंही पुरतं!

डिस्क भरली की काय भरलंय ते बघायला घरी ‘विझट्री’ आहे. तेही तोच तक्ता वाचतं, म्हणून झटपट होतं. मोठ्या फायलींचे रंगीत चौकोन दिसतात. आमच्याकडे सगळ्यात मोठे चौकोन निघाले भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे, एकेक टिफ (छपाईच्या चित्राची) फाइल शेकडो एमबीची. हायबरनेशनची (मशीन झोपवताना रॅममधलं सगळं जिथे ठेवलं जातं ती) फाइलही मोठी दिसेल, ती हाताने उडवायच्या मागे लागू नका. हायबरनेशन बंद केलं की ती आपोआप जाते. विंडोजच्या फोल्डरातला विनएसएक्सएस नावाचा डोंगर तर दिसतो तसा नसतो. त्यातल्या बऱ्याच फायली दुसरीकडच्या फायलींचीच दुसरी नावं असतात, तो तसाच राहू द्यावा.

घरी म्हटलं ते मुद्दाम. विझट्री फुकट आहे ते खासगी वापरासाठी, धंद्यासाठी परवाना विकत घ्यावा लागतो. हे छोट्या अक्षरांतलं कुणी वाचत नाही. दुकानात आम्ही ‘विनडिरस्टॅट’ लावलं. ते मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आहे, दुकानातही फुकट चालतं. जुनी आवृत्ती फार रेंगाळायची, नवी बरीच सुधारली आहे.

‘सेव्हन-झिप’बद्दल नवं काय सांगणार? इगोर पावलोव यांनी १९९९ मध्ये आणलेलं, घरी-दुकानात सगळीकडे फुकट. आम्हाला उपयोग दोन. साध्या, न दाबलेल्या टिफ फायली चांगल्या आक्रसतात (जेपीजी आणि पीडीएफ फारसे नाही, उगाच प्रयत्न करू नका), आणि मोठी फाइल ठरावीक आकाराच्या तुकड्यांत कापून मेलने पाठवता येते. पासवर्ड लावायचा असेल तर सेव्हनझेड प्रकार घ्या. त्यात आतल्या फायलींची नावंही झाकता येतात, झिपमध्ये ती उघडी राहतात. वाईट गोष्ट एकच, ते स्वतःहून अपडेट होत नाही. डाउनलोड केलेल्या फायलींबद्दलची विंडोजची सूचना चुकवता येईल अशी एक फट २४.०९ या आवृत्तीत बुजवली गेली. त्याआधीचं घेऊन ठेवलेलं मशीन तसंच चालू राहतं, काही सांगत नाही. आपणच अधूनमधून बघायचं.

‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ उघडायला मिनिटही लागत नाही आणि त्यानेच आमचे सगळ्यात जास्त पैसे वाचवले. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती हे वाचून दाखवतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध. जुन्या हार्ड डिस्कच्या बाबतीत ०५ आणि सी५ या ओळी बघायच्या. पहिलीत खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) असतात, दुसरीत संशयित. आकडे सुरुवातीला हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) असतात, म्हणजे १० दिसलं की ते सोळा. सेटिंगमधून दशमान करून घ्या. आमची पिवळी झाली, दिवाळी अंकाचं काम चालू असताना. त्याच आठवड्यात एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली आणि मशीनचा वेगही इतका बदलला की नवं घ्यायचा विचार बाजूला राहिला. पण निळं आहे म्हणून बॅकअप टाळू नका, निळ्या असतानाच मरणाऱ्या डिस्कही असतात. डिस्क बाहेरून जोडायच्या काही यूएसबी केसमधून तर ही माहिती बाहेरच येत नाही.

‘कॉम्प्युटर साफ करणारी’ सॉफ्टवेअर मी लावलेली नाहीत आणि लावणार नाही. सीक्लीनरच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच २०१७ मध्ये घातक कोड घुसवला गेला होता आणि ती जवळपास २२.७ लाख मशीनवर पोहोचली होती. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ करणाऱ्या साधनांना मायक्रोसॉफ्ट स्वतः पाठिंबा देत नाही. वरची बहुतेक साधनं नुसतं दाखवतात; काय ठेवायचं आणि काय उडवायचं ते तुम्ही ठरवता. मला तेच हवं आहे.

विकतचं एक म्हणजे ‘इरफानव्ह्यू’. इरफान श्किल्यान हा एकटा माणूस १९९६ पासून ते चालवतोय. फोल्डरभर फोटो एका दमात लहान करणं, फिरवणं, नावं बदलणं यात त्याचा हात धरणारं मला सापडलं नाही. घरी फुकट, धंद्याला पैसे. दुकानासाठी परवाना घेतला, किंमत फ्लेक्सच्या एका बिलापुढे किरकोळ आहे. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या सीडीआर फायली मात्र त्यात नीट दिसत नाहीत, त्यासाठी कोरलच उघडावं लागतं.