डोंगरातलं आर्ट म्युझियम: अ‍ॅस्पेन की सूश?
पूर्व भागात मागाच्या खडखडाटात वाढलेल्या सोलापूरकराला मी तरी अमेरिकेतलं अ‍ॅस्पेनच सांगेन, कारण जपानी आर्किटेक्ट शिगेरू बाननं डिझाईन केलेल्या त्या 2014 च्या बिल्डिंगला बाहेरून लाकडी पट्ट्यांची उभी-आडवी वीण आहे, अगदी आपल्या चादरीगत, आणि एंट्री फ्री! आधी थेट गच्चीवर जायचं, डोंगर बघायचा, मग एकेक मजला उतरत आर्ट बघायचं. उंची मात्र 2400 मीटर, आपल्याकडनं गेलेल्याला जिन्यातच धाप लागणार. स्वतःचं कायमचं कलेक्शन नाही, सध्या काय लावलंय बघूनच जा.
स्वित्झर्लंडचं सूश 2019 चं, जुन्या मठात अन् बिअरच्या कारखान्यात, तिकीट आहे. स्त्री कलाकारांवर भर, आणि आत कच्चा खडक तसाच ठेवलाय, पाणी पाझरतं त्यातनं. शांतपणे बघायचं तर हेच भारी, पण बारकी पोरं सोबत असली की नको बाबा.