कुऱ्हाडीच्या दांड्याला डबल बॉइल्ड जवसाचं तेल: पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

तेलाला पैकीच्या पैकी मार्क, डब्याच्या झाकणाला शून्य. लिटरचा डबा, निम्मा उरलेला. आज उघडला तर वर जाड साय धरलेली आणि खालचं तेल काकवीसारखं घट्ट. कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, "सर, सील तोडल्यावर आमची जबाबदारी नाही." अहो, एका दांड्याला एका वेळी दोन-तीन चमचे तेल लागतं! मग दाबून बसवायचं पत्र्याचं झाकण कशाला? एकदा स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की ते पुन्हा नीट बसतच नाही. 100 मिलीच्या बाटल्या काढा ना.

जवसाचं तेल उडून जाऊन वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. दांड्यावर हेच हवं असतं. पण निम्म्या रिकाम्या डब्यात हवा असतेच, त्यात झाकण सैल, म्हणजे डब्यातही तेच सुरू. आता उरलेलं तेल गाळून लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरलंय. बाटली भरत नसेल तर आत काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणायची. एवढी एक ओळ डब्यावर छापायला काय जात होतं?

आता दांडा. बाभळीचा आहे, विकत आणला तेव्हा चकचकीत वॉर्निश होतं. घामाने निसटायचा, आणि पहिल्याच पावसात पोपडे सुटले. वॉर्निश लाकडावर पापुद्रा धरतं. घाव बसून तो तडकला की पाणी आत शिरतं. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने सगळं खरवडून काढलं, मग 120, मग 180. ओलं फडकं फिरवून तंतू उभे होऊ दिले, वाळल्यावर पुन्हा 180. यापेक्षा गुळगुळीत करू नका, पकड जाते.

बाभळीचं बाहेरचं लाकूड फिकट, गाभा तांबूस. रंग एकसारखा दिसावा म्हणून तेलाआधी वॉलनट स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा अक्रोडी रंग, लावला, आणि तेव्हा भलताच आवडला होता. आता मत बदललंय. हात जिथे सरकतो तिथला रंग घासून गेला, टोकाला मात्र काळपट डाग तसाच आहे, कारण तिथे लाकूड जास्त पितं. कामाच्या कुऱ्हाडीला स्टेनचा खर्च करू नका. नुसतं तेलही कालांतराने छान गडद होतं.

तेलाचा पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पुढचे निव्वळ तेलाचे. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटांनी वरचं तेल कोरडं पुसायचंच, नाहीतर चिकटपणा जात नाही. दमट हवेत दोन हातांमध्ये जास्त वेळ द्या. पावसाळाभर दांडा ना फुगला, ना निसटला.

पुसलेलं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, हे कळकळीने सांगतो. तेल घट्ट होताना उष्णता निघते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. उलगडून बाहेर मोकळं वाळत घाला किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

सुरीच्या मुठीला किंवा लाटण्याला हे तेल नको, यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार (ड्रायर) घातलेले असतात. आमच्या विदर्भात चटणीला जवस लागतोच, त्याचं घाण्याचं कच्चं तेल तिथे चालतं. फक्त वाळायला कित्येक दिवस जातात.

तेल पुन्हा घेईन, पण हा लिटरचा डबा नाही. रंगाच्या दुकानात सुटं मिळालं तर घरची बाटली घेऊन जाईन.