व्रात्य शब्दाचं मूळ शोधायचंय? शिकागोची शब्दकोश साइट बघाच

शिकागो युनिव्हर्सिटीने दक्षिण आशियातल्या भाषांचे शब्दकोश ऑनलाइन ठेवलेत, तेही फुकट, आणि मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या प्रत्येकाने ही साइट वापरावी असं मला मनापासून वाटतं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे.

आता व्रात्य हाच शब्द घ्या. पडद्याला लोंबकळणाऱ्या, ताईच्या वहीत रेघोट्या मारणाऱ्या पोराला आपण सहज व्रात्य कार्टं म्हणतो आणि त्यात निम्मं कौतुकच असतं, पण संस्कृतात हा शब्द भलताच जड आहे. त्याच साइटवर आपट्यांचा संस्कृत कोश उघडा, मुंजीसारखे संस्कार न झाल्यामुळे जो बहिष्कृत ठरला तो व्रात्य! मनुस्मृतीत तर मुंजीची शेवटची मुदतच दिलीय, ब्राह्मणाला १६ वर्षं, क्षत्रियाला २२, वैश्याला २४, ती टळली की व्रात्य. अशांना परत आत घ्यायला व्रात्यस्तोम नावाचा विधी होता. आणि ह्याच व्रात्याची अथर्ववेदाच्या १५व्या कांडात चक्क स्तुती आहे, हे वाचून मी थक्कच झाले. शब्द व्रात म्हणजे टोळी यावरून आला की व्रतावरून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण नियमाबाहेरचा माणूस, मग कुणाचं न ऐकणारा, मग खोडकर पोर, असा अर्थ घसरत आला असणार, मला तरी हे पटतं.

त्रास म्हणाल तर जुनं शुद्धलेखन. 'नाव' नाही मिळालं तर 'नांव' टाकून बघायचं, अनुस्वाराची ही सवय लागेपर्यंत चिडचिड होते. शिवाय मोल्सवर्थ शब्द संस्कृत की फारसी की अरबी एवढं एका अक्षरात सांगून मोकळा होतो, सविस्तर व्युत्पत्ती हवी तर कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्ति कोश वेगळा बघावा लागतो. मोल्सवर्थचे अर्थही इंग्रजीत आहेत, ज्यांना ते जड जातं त्यांनी सरळ दाते-कर्वे उघडावा, तिथे सगळं मराठीत आहे आणि वापराची उदाहरणंही भरपूर आहेत.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा त्या अनुस्वारांसाठी कापला.